सावली पायाखाली

सोलापुरात सूर्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी ऐकलेलं नाही. मार्चपासून त्याच्या नावानं जो शिमगा सुरू होतो, तो मृग लागेपर्यंत. तरी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी मी मुद्दाम गच्चीवर जातो. शून्य सावलीचा दिवस असतो तो.

यंदा तिथं आईच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्या कडेला शेंगाचटणीचा रिकामा, सरळसोट डबा उभा केला आणि टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो.

"बारा वाजून गेले की. अजून काय बघायलास?" आईनं विचारलं.

तिचंही बरोबर होतं. पण आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेली. सोलापूर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथली खरी मध्यान्ह त्या सुमाराला १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास येते. (सोलापूरकर कुठंही वीस मिनिटं उशिरा पोचतो, त्याचं कारण मी हेच सांगतो.)

डब्याची सावली बोटभर झाली, रेघेएवढी झाली आणि गेली. माझी पायाखाली गोळा झाली. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून सूर्य कर्कवृत्तापर्यंत जाऊन माघारी फिरतो आणि जाता-येता एकेकदा नेमका आपल्या माथ्यावर येतो. दिल्लीकरांच्या नशिबी हे नाही, तिथवर तो पोचतच नाही. आई ताकाचा तांब्या घेऊन नुकतीच जिना चढून आली होती. माझ्या टाळक्यावर पडणारं ऊन त्याच्याही आधी, आठ मिनिटांपूर्वी, सूर्यावरून निघालेलं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत मावशीनं विचारलं होतं, "देवाला हात जोडत नाहीस, मग तुझ्या अंगावर काटा येतो तरी कधी रे?" सात नंदीध्वजांची मिरवणूक मी दरवर्षी हौसेनं बघतो, पण हात जुळत नाहीत हे खरं. तेव्हा काही सुचलं नाही, शेंगा खात राहिलो. परवा त्या तापलेल्या फरशीवर, घामाच्या धारा लागलेल्या असताना, आला की काटा. मावशीला फोन करावासा वाटला, पण ती दुपारची झोपते.

आई पदर सावरून स्वतःच्या पायांभोवती बघत होती.

"परत कधी?"

"ऑगस्टच्या सुरुवातीला. पण तेव्हा ढग असतात, दिसायचं नाही."

"ढग असले तर बरंच की," ती म्हणाली आणि कुरडया उलटायला बसली.