तीस उंदीर आणि एक मी

मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारातल्या स्पर्धेत मी उंदरांचा डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, घेऊन गेलो. एकूण शंभर पत्ते, आणि त्यातले तीस अगदी एकसारखे: रिलेंटलेस रॅट्स. या प्रकारात साध्या लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायची ऊर्जा, देणारे पत्ते) सोडून एकच पत्ता दोनदा चालत नाही, पण या पत्त्यावरच लिहिलंय की हवे तेवढे घ्या. तरी पहिल्याच फेरीत समोरच्याने पंचांना बोलावलं. पंचांनी पत्ता वाचला, हसले, निघून गेले.

एकटा उंदीर २/२ (दोनची मारायची ताकद, दोनची सोसायची), म्हणजे किरकोळच. पण पटावरच्या प्रत्येक जोडीदारामागे त्याला +१/+१ मिळतं. सात झाले की प्रत्येक जण ८/८! चौघांच्या टेबलावर सगळ्यांचं लक्ष महागड्या कॉम्बोवाल्याकडे (एकमेकांना जोडून डाव जिंकून देणारे पत्ते बाळगणाऱ्याकडे) होतं. माझ्याकडे कोण बघतंय? माझ्या डेकचा म्होरक्या पत्ता, म्हणजे कमांडर, मॅरो-नॉअर; त्याच्यामुळे उंदरांना फिअर, त्यामुळे काळे किंवा आर्टिफॅक्ट प्राणी नसतील तर अडवायलाच कुणी नाही. पाच उंदीर कॉम्बोवाल्यावर सोडले. पाच आठे चाळीस. त्याचे जीवनाचे पॉइंट बरोब्बर चाळीसच होते. बिचारा दोनदा मोजत बसला.

पुढच्याच पाळीला उजवीकडच्या शांत गड्याने रॅथ ऑफ गॉड टाकला. पटावरचे सगळे प्राणी साफ. (चार मानात एवढा विध्वंस मिळतो, हे मला अजूनही पटत नाही.) हातात एकच उंदीर उरला होता. तो खाली ठेवला. २/२. टेबलावर टाळ्या पडल्या, आणि दोन पाळ्यांत मी बाद.