बायोफीडबॅकमधली ५० हर्ट्झची घुसखोरी

गुडघा बदललेल्या पेशंटला मांडीचा पुढचा स्नायू पुन्हा आवळायला शिकवताना ईएमजी (स्नायूतले विजेचे सिग्नल) पडद्यावर दाखवणाऱ्या बायोफीडबॅकचा फार उपयोग होतो. स्नायू आवळला की पडद्यावर रेघ वर जाते, सैल सोडला की खाली येते. माझ्या क्लिनिकमध्ये ती खालीच येईना.

"काका, मांडी अगदी सैल सोडा."

"सोडलीच आहे की हो मॅडम!"

हात लावून पाहिलं, मांडी खरंच सैल होती. मग आलेख ताणून बघितला. सेकंदाच्या दहाव्या भागात एकसारख्या पाच लाटा, म्हणजे ५० हर्ट्झ. स्नायूचा सिग्नल असा शिस्तीत कधीच येत नाही. ही घरातली वीज होती.

यंत्र विकणाऱ्याने फोनवर सांगितलं, "नॉच फिल्टर लावा." म्हणजे सिग्नलमधून नेमकी ५० हर्ट्झची पट्टी कापून टाकायची. ते मला पटेना. स्नायूचा सिग्नल साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो. त्यातून ५० कापलं तर स्नायूचाही वाटा जातो, आणि विजेची ५०च्या पटीतली, १००-१५० हर्ट्झची पिल्लं मागे राहतात ती राहतातच.

सुरुवात कातडीपासून केली. ॲम्प्लिफायर दोन इलेक्ट्रोडमधला, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधला, फरक मोजतो. दोन्हीकडे सारखं आलेलं वजा होतं. पण एक पॅड नीट चिकटला नसेल तर विजेची तीच गुणगुण दोन्हीकडे वेगवेगळी पोचते आणि उरते. काकांच्या मांडीवर केस, वयामुळे कातडी कोरडी. तेवढ्या जागेवरचे केस काढले, स्पिरिटने लाल होईस्तोवर पुसलं, सुकू दिलं. नवे पॅड स्नायूच्या दिशेने, मध्यापासून मध्यापर्यंत दोन सेंटिमीटर अंतरावर लावले. रेफरन्सचा, म्हणजे तुलनेसाठीचा, पॅड नडगीच्या हाडावर. रेघ निम्म्याहून खाली आली. एवढा फरक पुढच्या कुठल्याच उपायाने पडला नाही.

मग खोलीकडे वळले. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला. पेशंटच्या अंगाला वायरी असताना ते सुरक्षेच्या दृष्टीनेही बरं. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद केला. इलेक्ट्रोडच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन बांधल्या आणि एक्स्टेन्शन बोर्डापासून दूर घेतल्या. वायरमनला बोलावलं, तर सॉकेटमधली अर्थिंगची तार नुसती लोंबत होती! तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहेच, असं आपण धरून चालतो.

तरी मधूनच रेघ उसळायची. पडद्यापलीकडच्या कॉटवर शॉर्टवेव्ह (रेडिओ लहरींनी खोल शेक देण्याची पद्धत) चालू असायची, २७.१२ मेगाहर्ट्झची. (काकांना ती देता येत नाही, गुडघ्यात धातू आहे.) यंत्र असं शेजारी असल्यावर पॅड कितीही नीट लावा, उपयोग शून्य. आता शॉर्टवेव्हचे पेशंट सकाळी आणि बायोफीडबॅकचे संध्याकाळी बोलावते.

लाइट गेल्यावरची अडचण तेवढी शिल्लक आहे. आमच्या जुन्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी, त्यामुळे रेघ पुन्हा फुगते. तेव्हा मी यंत्र बाजूला ठेवते आणि काकांना गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला लावते.