एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे आजार नाही का?

मानसिक आजाराच्या रुग्णाचा मेंदूचा अहवाल ‘नॉर्मल’ आला की घरच्यांना हायसे वाटते, आणि कित्येकदा तेथूनच रुग्णाचे खरे हाल सुरू होतात, हे मी आमच्याच नात्यात, लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जवळून पाहिले आहे. कॉलेज सोडून बसलेल्या, कानात आवाज येतात असे सांगणाऱ्या त्या मुलाचा एमआरआय सोयाबीनच्या पैशातून करण्यात आला. अहवाल हाती आल्यावर त्याचे वडील म्हणाले, “मेंदूत काहीच नाही म्हणायलेत डॉक्टर, मग हे सोंगच की.” पुढे कोणीतरी सुचवले की साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, म्हणून हैदराबादला नेऊन मेंदूचे काम दाखवणारा रंगीत स्कॅन करावा. त्या सल्ल्यामुळेच हे सविस्तर लिहावेसे वाटले.

मेंदूचे काम दाखवणारी तंत्रे आहेत, हे खरे. पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी ग्लुकोज शिरेतून देऊन मेंदूचा कोणता भाग ते किती वापरतो, हे पाहतात. स्पेक्ट या अशाच दुसऱ्या स्कॅनमध्ये मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा अंदाज येतो. १९९० साली सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने मांडलेल्या तत्त्वावर चालणारा फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचे काम ताडतो. विचार मात्र यांपैकी कशातच दिसत नाही. गावातल्या डीपीवरचा भार मोजला तर कोणत्या वस्तीत वीज जास्त लागते हे कळते, त्या घरांत काय बोलणे चालले आहे हे कळत नाही, तसेच हे आहे. चित्रातले लाल-पिवळे रंगही मेंदूचे नसतात. आकडेमोड झाल्यावर संगणक ते भरतो. ही आकडेमोड किती नाजूक असते, हे २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसले: फंक्शनल एमआरआयची एकच माहिती ७० गटांना तपासायला दिली असता त्यांचे निष्कर्ष अनेक ठिकाणी एकमेकांशी जुळले नाहीत.

स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य असलेल्या अनेक रुग्णांची सरासरी काढून ती निरोगी माणसांच्या सरासरीशी ताडली, तर फरक सापडतात, आणि संशोधनासाठी ते मोलाचे आहेत. पण दोन्ही गटांतली माणसे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की समोरच्या एका मुलाचे चित्र पाहून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. म्हणूनच या आजारांचे निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच केले जाते. ही पद्धत मला मागासलेली मुळीच वाटत नाही.

स्कॅन निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पहिल्यांदाच भ्रम झालेल्या रुग्णात गाठ, मेंदूज्वर किंवा झटक्यांचा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर साधा सीटी किंवा एमआरआय सांगतात, तेव्हा तो जरूर करावा. थायरॉइड आणि बी-१२ च्या रक्ततपासण्याही तितक्याच महत्त्वाच्या असतात. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेपूर्वी झटक्याचे उगमस्थान शोधायला पेट आणि स्पेक्टची मोठी मदत होते. पन्नाशीतल्या माणसाचा स्वभाव अचानक पालटला, तर तो एक प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे का, हे ठरवतानाही पेट उपयोगी पडतो. या सर्व ठिकाणी डॉक्टरांपुढे आधीच एक नेमका प्रश्न असतो.

आमच्या भागाची अडचण वेगळीच आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधीच लोक स्कॅन सेंटरची पायरी चढतात. वास्तविक जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, आणि टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. जाताना जुने अहवाल न्यावेतच. पण त्यासोबत झोप कधीपासून बिघडली, आवाज काय सांगतात, कोणती औषधे किंवा व्यसने चालू आहेत आणि घराण्यात असा त्रास आणखी कोणाला होता, हे एका कागदावर लिहून न्यावे. निदानासाठी डॉक्टरांना सर्वांत आधी हीच माहिती लागते, आणि ती घरच्यांवाचून दुसरे कोणी देऊ शकत नाही.