सारखं सारखं गालगुंड?

"परत गालगुंड झालंय हो पोरीला," आजींनी बसता बसताच सांगितलं. सात वर्षांची नात, उजवा गाल टम्म, त्यावर रक्तचंदनाचा वाळलेला लेप. दोन-चार महिने झाले की हेच, आणि प्रत्येक वेळी अँटिबायोटिकचा कोर्स. गालगुंड सहसा आयुष्यात एकदाच होतं, म्हणून मला ते पटेना.

सोनोग्राफीत कानाखालच्या लाळग्रंथीत बारीक काळे ठिपके दिसले. खडा नव्हता. खडे बहुतेक करून जबड्याखालच्या ग्रंथीत होतात, तेही मोठ्यांना जास्त. मग सूज ओसरल्यावर दुर्बिणीने ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी नळी आतून बघायचं ठरवलं.

"गालात दुर्बीण? टाके पडतील का?"

"नाही आजी, सगळं तोंडातूनच. फक्त पूर्ण भूल द्यावी लागेल."

या कामात खरी कसोटी नळीचं तोंड सापडण्याची. वरच्या दाढेसमोर, गालाच्या आत, टाचणीच्या टोकाएवढं ते. बाहेरून ग्रंथी चोळली की तिथे लाळेचा स्वच्छ थेंब यायला हवा. इथे गढूळ तार आली, पण जागा कळली. एकेक जाड होत जाणाऱ्या सळईने तोंड हलक्या हाताने रुंदावलं. जोर लावला तर नळी फाटते आणि सगळंच फसतं. मग १.१ मिलिमीटरची दुर्बीण, सोबत सलाइनची धार.

मॉनिटरवर बघून भूलतज्ज्ञ मॅडमही वाकल्या. निरोगी नळी आतून गुलाबी, बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असलेली. ही पांढरीफटक होती, जाळीचा मागमूस नाही. नासलेल्या दुधात तरंगावेत तसे कण वाहत होते. एक्स-रेत हे कधीच दिसलं नसतं. लहान मुलांतला, पुन्हा पुन्हा उलटणारा पॅरोटिडचा, म्हणजे कानाखालच्या लाळग्रंथीचा, दाह तो हाच.

गंमत म्हणजे तपासणीतच निम्मे उपचार होतात. धार सोडून कण धुऊन काढले, शेवटी थोडं स्टेरॉइड सोडलं. स्टेरॉइडने नुसत्या धुण्यापेक्षा कितपत जास्त फरक पडतो, यावर आमच्यात अजून वाद आहेत. मी तरी ते देतो.

बाहेर आल्यावर सलाइनमुळे गाल आधीपेक्षा फुगलेला. आजी रागावल्याच, "हे काय करून ठेवलंत?" आधी बजावूनही असं होतंच. दोन दिवसांत सूज उतरली.

शोग्रेन आजाराच्या (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रुग्रंथींवर उलटते) रक्ततपासण्या नॉर्मल आल्या. त्यानंतर एकदा गाल हलकासा सुजला; भरपूर पाणी आणि चोळण्याने बसला, गोळ्या लागल्या नाहीत. वयात येईपर्यंत बहुतेकांचा हा त्रास आपोआप थांबतो, तोवर ती अधूनमधून दाखवायला येईल.