आभाळ फाटते तेव्हा

26 जुलै, रात्र

आज कार्यालयात एका सहकारी बाईंविषयी कोणीतरी म्हणाले, "त्यांच्यावर तर आभाळच फाटले." महिन्याभरापूर्वी त्यांचे यजमान गेले आणि पाठोपाठ सासूबाईंनी अंथरूण धरले. आम्ही सगळे हळहळलो आणि पुन्हा कामाला लागलो. आजची तारीख वेगळी असती, तर ते शब्द माझ्याही कानांवरून गेले असते.

2005 साली याच दिवशी आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होतो. दुपारनंतर पाऊस असा कोसळू लागला की समोरची चाळ दिसेनाशी झाली. मी उंबरठ्याशी गोणपाट दाबून बसले होते, तर पाणी मागच्या मोरीतून वर आले. तिथे चादरीचा बोळा कोंबायला धावले, तोवर पुढचे गोणपाट तरंगू लागले होते. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, हे लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा अक्षरशः अर्थ मला त्या धावपळीत कळला.

ढगफुटीत खरे तर ढग फुटत नाही. वर चढणारी हवा थेंबांना तोलून धरते, आणि तिला तो भार पेलेनासा झाला की सारे पाणी लहानशा टापूवर एकदम रिते होते; तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर हवामान खाते त्याला ढगफुटी म्हणते. यातला टापूचा लहानपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73.

संध्याकाळी गिरगावातून आईचा फोन आला होता. "अगं, इथे नेहमीसारखाच पडतोय, तू उगाच घाबरतेस," ती म्हणाली, आणि मला तिचा विलक्षण राग आला. पण ती खोटे बोलत नव्हती. तिच्या डोक्यावरचे आभाळ शाबूत होते. आज सहकारी बाईंच्या दुःखापुढे मीही तशीच कोरड्या जागी उभी आहे.

तिसऱ्या दिवशी आई कोरडी लुगडी आणि पोळ्यांचा डबा घेऊन आली. भिंतीवर दत्ताच्या तसबिरीपर्यंत चढलेली चिखलाची रेघ तिने हाताने चाचपून पाहिली, काही बोलली नाही, आणि पदर खोचून भिजलेल्या गोधड्या पिळायला बसली.