अर्धो वाटो

मालवणच्या बाजारात सुरमईचा भाव नगावर ठरतो, पण बांगडे, पेडवे, सौंदाळे यांचे वाटे लावलेले असतात. फळीवर ओळीने छोटे छोटे ढीग, वजनकाटा नाही. आपण एका ढिगाकडे बोट दाखवायचं, भाव पाडून मागायचा, मासेवालीने "परवडणा नाय गो" म्हणायचं आणि शेवटी वर एक बांगडा टाकून ढीग पिशवीत लोटायचा. लहानपणापासून हे बघत आलेली मी. तरी ठाण्याहून कायमची परत आले त्या पहिल्याच आठवड्यात भलतंच विचारून बसले.

"अर्धा वाटा दे ना. मी एकटीच आहे."

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या बाईकडे.

"वाटो म्हणजे वाटो. अर्धो कसलो?" आणि बांगडे पिशवीत ओतता ओतता, "एकट्या माणसाक भूक लागणा नाय काय?"

घरी येऊन आठ बांगडे परातीत ओतले आणि रडले. मासे साफ करताना रडायला लागलं तर एक बरं असतं. डोळे पुसायला हात मोकळा नसतो, त्यामुळे कार्यक्रम फार लांबत नाही.

बावीस वर्षांचा संसार का मोडला हे सांगण्यात मला रस नाही. ऐकण्यात बऱ्याच जणांना असतो, हे एव्हाना कळलंय. मोठं भांडण नव्हतं, बोलणं संपलं होतं, इतकंच. परस्पर संमतीचा अर्ज केला. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३-ब. त्यात अर्ज केल्यावर सहा महिने थांबायला सांगतात, न जाणो विचार बदलला तर. आम्ही ते महिने वाटणीत घालवले. फ्रीज त्याला, विळी मला. लेक शिकायला बाहेर होती. "मी कुणाच्या वाट्याला येणार नाही, सुट्टीत दोन्हीकडे येईन," असं तिने आम्हाला आधीच बजावलं होतं.

तर आठ बांगडे. चार दिवस तेच खाल्लं. पहिल्या दिवशी तळलेले, मग तिखलं, मग तेच तिखलं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते जे काय लागतं ते पहिल्या दिवशी कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं, पण ठाण्यात तिसऱ्या दिवसापर्यंत काही उरायचंच नाही.

त्यात तिरफळं घातली होती. नवरा घाटावरचा. (अजून नवराच म्हणते, दुसरा शब्द तोंडात बसत नाही.) मासे आवडीने खायचा, पण तिरफळाच्या वासाने त्याचं डोकं उठायचं. मग बावीस वर्षं माझ्या घरात तिरफळ आलं नाही. आता वाळलेली तिरफळं हातावर घेते, आतली काळी बी काढून टाकते, सालं जराशी ठेचून उकळत्या आमटीत सोडते. जिभेला किंचित झिणझिण्या येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा चमचा हातात धरून मी गॅसपाशीच उभी राहिले होते.

तुकड्यांचंही तसंच. मधले जाड तुकडे त्याला आणि लेकीला, मला डोकं आणि शेपूट. कुणी सांगितलं नव्हतं. आईही तसंच वाढायची. इथे आल्यावर मी ठरवलं, आता मधलेच खाईन. महिनाभर खाल्ले. डोकी मागीलदारी मांजराला घातली. मांजर माझ्यावर फार खूश होतं. बंड केल्यासारखं वाटून मीही खूश होते.

मग एके दिवशी मांजरापुढे डोकं टाकताना हात अडला. मला ते हवं होतं. कल्ले काढलेलं, आमटी आत मुरलेलं डोकं, चोखून चोखून खायचं, जेवायला तासभर लागला तरी चालेल असं. मला डोकं खरंच आवडतं. आता ते मुळातच आवडायचं की बावीस वर्षं वाट्याला आलं म्हणून आवडायला लागलं? अजून उलगडा झालेला नाही. अशा बऱ्याच गोष्टी निघतात. फोडणीत हिंग, पहाटे उठणं, रेडिओ. कुठली माझी, कुठली त्या घराची? तिरफळाचा निकाल सोपा होता. डोक्याचा लागत नाही. मांजर मात्र मला ओळख देईनासं झालंय.

जून लागला तशी बंदी आली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. मासे त्या दिवसांत अंडी घालतात. मी सुके बांगडे भाजून पेजेबरोबर खाल्ले आणि कौलं गळतील तिथे टोपं मांडली. पाच टोपं. सहावा थेंब कुठे पडतो ते शोधण्यात एक अख्खा रविवार गेला आणि खरं सांगते, बरा गेला.

पाऊस सरल्यावर दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागते. होडीतून जाळं अर्धगोल सोडून दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं ओढत राहतात. मी फिरायला गेले होते, उभी राहून बघत होते.

"गो बाय, बघतस काय? दोरी धर."

धरली. समुद्राकडे तोंड करून टाचा वाळूत रुतवायच्या आणि मागे मागे सरकायचं. मागच्या टोकाला पोचलं की दोर सोडून पुन्हा पाण्याशी यायचं, पुन्हा धरायचा. पुढच्या म्हाताऱ्याने विचारलं, "एकटीक करमता काय?" हा प्रश्न मला वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारतात. समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली पाया घातला तेव्हापासून चारी बाजूंनी पाण्यात आहे, त्याला कुणी विचारत नाही. म्हाताऱ्याला म्हटलं, "करमता." दम लागलेला असताना माणूस खोटं बोलत नाही, थोडक्यात बोलतो.

जाळं वर आलं, चकचकीत पेडवे तडफडत होते. दोर ओढणाऱ्याला मासे द्यायची रीत आहे. माझ्या ओंजळीत घातले. पिशवी नव्हती, ओढणीत बांधले. दोन दिवस तळहात हुळहुळत होते आणि ओढणीचा वास अजून गेलेला नाही.

परवा दुपारी जेवत असताना ठाण्याहून फोन आला. गॅसच्या जोडणीचे जुने कागद कुठे आहेत. डाव्या हाताने उचलला.

"कपाटात, लाल फाईल."

"काय खातेयस?"

"बांगडा."

"कुणी आलंय का? मुंडी चोखतेयस, तास लागेल तुला."

"कुणी नाही."

त्याला फाईल सापडली. मी फोन ठेवला. पानात अजून दोन डोकी होती, आणि दाराशी मांजर येऊन बसलं होतं.