114वा रस्ता आणि नागसेनवन

शनिवार, रात्री साडेअकरा

भाचा आज मला त्याच्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे एकमेकांना 'ब्रदर' म्हणणाऱ्या कॉलेजातल्या मुलांच्या मंडळीच्या, घरी घेऊन गेला. कोलंबिया विद्यापीठाला लागून 114वा रस्ता आहे. तिथे जुन्या ब्राउनस्टोन घरांची ओळ आहे आणि त्यातल्या बऱ्याच दारांवर ग्रीक अक्षरं दिसतात. इतकी वर्षं न्यू जर्सीत काढली, पण अशा घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आज माजी सदस्य येणार होते, म्हणून आम्हा नातेवाइकांनाही बोलावणं होतं.

दिवाणखान्यात भिंतभर दरवर्षीच्या मुलांचे फोटो. कोपऱ्यात सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. "मामा, हे माझे ब्रदर," भाच्याने ओळख करून दिली. त्यांनी माझा हात हातात घेतला, दोन शब्द बोलले आणि लगेच भाच्याकडे वळले. उन्हाळ्यात कुठे काम करणार, अर्ज कुठे टाकलेस, अमक्याला भेटलास का? बोलता बोलता त्यांनी कुणाला तरी फोनही लावला. ते हे घर सोडून गेले तेव्हा भाच्याची आई जन्मायची होती. ना गाव एक, ना धर्म, ना रंग. तरी त्या माणसाला या पोराच्या पोटापाण्याची काळजी होती आणि ती खरी होती. मी बघतच राहिलो.

ताईला मात्र या सगळ्याची धास्ती आहे, आणि तिचं चूक नाही. आधी काही आठवडे 'रश', म्हणजे एकमेकांना जोखणं, मग बोलावणं, मग 'प्लेज' म्हणून उमेदवारी आणि शेवटी दीक्षा. या उमेदवारीच्या काळात छळ होतो, दारू पाजली जाते. 2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत 19 वर्षांचा मुलगा असाच गेला. जिन्यावरून पडला आणि सोबतच्यांनी तासन् तास मदत बोलावली नाही. आपल्याकडेही रॅगिंगने मुलं गेली, म्हणून महाराष्ट्राला 1999 मध्ये कायदा करावा लागला. मी भाच्याला थेट विचारलं. त्याने डोळ्याला डोळा देऊन "मामा, तसं काही झालं नाही" म्हणून सांगितलं. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण ज्याला भाऊ म्हणायचं त्याला आधी नमवायचं, ही रीत मला कधीच पटणार नाही.

दुसरीही एक गोष्ट मनातून जात नाही. या मंडळ्या फार जुन्या आहेत. फाय बीटा कॅपा 1776 ची, न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजची कॅपा अल्फा 1825 ची. पण या बंधुभावाची दारं कितीतरी दशकं फक्त गोऱ्या ख्रिश्चन मुलांसाठी उघडत. 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली, ती त्या एकटेपणातून. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि मार्टिन ल्यूथर किंग हे दोघेही तिचे सदस्य. तिथे पदवी घेतली म्हणून नातं संपत नाही. माजी सदस्यांच्या गावोगावी स्वतंत्र शाखा असतात आणि माणूस म्हातारपणापर्यंत त्यात काम करतो. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनीच आपल्यातलं नातं जास्त घट्ट धरून ठेवलं, असं मला दिसतं. 1946 मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं, तेही मला ओघानेच आठवलं.

बाहेर पडल्यावर मी भाच्याला म्हटलं, चल, आता मी तुला एक पत्ता दाखवतो. 554, वेस्ट 114. बाबासाहेब 1913 च्या उन्हाळ्यात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर इथे आले. आधी काही दिवस हार्टली हॉलमध्ये राहिले, पण तिथलं जेवण मानवेना. मग या पत्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात, आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे त्यांच्यासोबत राहायला होता नवल भथेना, एक पारशी तरुण. लिव्हिंग्स्टनला आता वॉलक हॉल म्हणतात. भाच्याने माझा पाहुणा पास आधीच काढून ठेवला होता, म्हणून आत जाऊन ती इमारत बाहेरून पाहता आली. लेहमन ग्रंथालयातल्या पुतळ्याला जय भीम केला.

भथेनांबद्दल आपण फार कमी बोलतो. बाबासाहेबांचं लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. 1920 मध्ये ते पुरं करायला निघाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. त्या काळचे पाच हजार! बडोद्यात ज्याला लोक घर भाड्याने द्यायला तयार नव्हते, त्याच्यासाठी वसतिगृहातला सोबती उभा राहिला. कोलंबियातले काही वर्गमित्र आणि ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक हे आपले आयुष्यातले सगळ्यात चांगले मित्र, असं बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं. 5 जून 1952 ला मानद पदवी घ्यायला ते इथे आले, पण ड्यूई चारच दिवस आधी, 1 जूनला वारले होते. हे सांगताना माझाच आवाज जड झाला. भाचा काही बोलला नाही, नुसता माझ्या बाजूने चालत राहिला.

परत येताना गाडीत मी त्याला नागसेनवनाबद्दल सांगितलं. 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं; त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. शेतमजुरांची पोरं पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन तिथे यायची. मी आलो तेव्हा माझ्या नावावर खोली नव्हती. परभणीकडचा एक सीनियर म्हणाला, "माझ्या कॉटखाली ट्रंक ठेव, जमिनीवर झोप." त्याने माझं पूर्ण नावही विचारलं नाही, कोणत्या गावचा एवढंच विचारलं. अशा बिनखोलीच्या मुलांना सगळे पॅरासाइट म्हणत आणि जवळजवळ प्रत्येक खोलीत एखादा असेच. शिष्यवृत्ती उशिरा यायची. तोवर मेसचं बिल कोण भरतंय, हे विचारायचं नसे. सीनियरांनी नोट्स दिल्या, फॉर्म भरून घेतले, मुलाखतीला अंगावरचा शर्ट काढून दिला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, या नामांतराच्या मागणीचे दिवस होते. मोर्चे असत, लाठ्या बसत आणि रात्री त्याच खोलीत कुणीतरी हळद लावून देई.

14 जानेवारी 1994 ला नामांतर झालं. तेव्हापासून दर 14 जानेवारीला आमच्यातले कितीतरी जण विद्यापीठाच्या गेटवर भेटतात. कुणी तहसीलदार झाला, कुणी मास्तर, कुणी अजून शेतातच आहे. भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, यंदा कुणाच्या पोराला ॲडमिशन हवी आहे? परभणीचा दादा निवृत्त होऊनही पोरांचे फॉर्म भरून देतो. मी इकडून व्हिडिओ कॉलवर हजर असतो.

गेल्या आठवड्यापासून आमच्या ग्रुपवर वाद चालू आहे. काहींना आपल्या बॅचच्या नावांची संगमरवरी पाटी लावायची आहे. माझं म्हणणं, तेच पैसे वसतिगृहातल्या ज्या पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे त्यांच्या मेससाठी वेगळे ठेवावेत आणि कुणाचे भरले ते कुणालाही कळू नये. दादा अजून काही बोललेला नाही. तो बोलला की बाकीचे ऐकतील. आत्ता तिकडे सकाळ झाली आहे आणि तो लवकर उठतो. फोन लावतो.